हनोईत पहिल्यांदा उतरताना

१०१० साली राजधानी झालेल्या या शहराला हनोई हे नाव मिळाले ते १८३१ मध्ये.

जुन्या वस्तीत पहिली परीक्षा रस्ता ओलांडण्याची. स्कूटरींचा लोंढा थांबेल म्हणून वाट पाहू नका, तो थांबत नाही. संथ, एकसारख्या चालीने पुढे जात राहा. स्वार अंदाज घेऊन बाजूने निघून जातात. मध्येच थबकणे आणि पळत सुटणे, दोन्ही घातक. बस-मोटारींना मात्र आधी जाऊ द्यावे. पदपथावरून जाऊ म्हणाल, तर तिथे गाड्या लावलेल्या, शिवाय प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर जेवणाऱ्यांची पंगत!

२० हजार आणि ५ लाख डाँग, दोन्ही नोटा निळ्या. शून्ये मोजूनच द्या.

होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत वाहनांना बंद असतात. नवख्याने तेव्हाच फिरावे. हांग बाक म्हणजे चांदीचा माल; जुन्या वस्तीतल्या या नावाच्या गल्लीत आजही सोन्याचांदीची दुकाने आहेत.

अंड्याच्या कॉफीचे नाव ऐकून नाक मुरडू नका. १९४६च्या सुमारास दुधाच्या टंचाईत न्गुयेन व्हान जिआंग यांनी ती शोधली. फेटलेल्या गोड बलकाचा जाड थर, खाली कडू कॉफी. अंड्याचा वास जवळजवळ येत नाही. गरम असतानाच प्यावी.