ताणलेल्या हृदयातली वीज

कापूस वेचणाऱ्या बाईला दम लागायला लागला, की आमच्या घाटंजीकडे पहिलं निदान घरातच होतं: ‘अंगात रगत नाही.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत गेल्यावर एखादीच्या बाबतीत निघते ती हृदयाची आकसलेली झडप. लहानपणी घसा आला, पाठोपाठ सांधे सुजले, ताप आला आणि गेला. झडपेवर मात्र कायमचा घाव राहिला.

ही मायट्रल झडप निरोगी असताना चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. ती दीडवर किंवा त्याखाली आली की आजार गंभीर. मग डाव्या वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं आणि तो वर्षानुवर्षं ताणत जातो. हृदयातली वीज टिपणाऱ्या ईसीजीच्या कागदावर हे आधी ‘पी’ लहरीत दिसतं. ही लहर तीन बारीक चौकटींच्या आत संपायला हवी. ती रुंदावते, तिला मधे खाच पडते. पुढे कधीतरी ती नाहीशीच होते, ठोक्यांमधलं अंतर वाट्टेल तसं बदलतं. हेच एट्रियल फिब्रिलेशन. त्या कप्प्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं.

ताण आणि वीज यांचा हा संबंध केवळ स्नायूंपुरता नाही. आकारमानाने हृदय बहुतांश स्नायूपेशींचं, पण संख्येने त्या निम्म्याहून कमी. उरलेल्यांत संयोजी ऊतीच्या फायब्रोब्लास्ट पेशी आहेत. त्यांना दीर्घकाळ नुसतं भरताड समजलं गेलं. हा अन्याय दूर केला तो पीटर कोल, आंद्रे कामकिन, इरिना किसेलेवा आदी संशोधकांनी. 1992 साली बेडकाच्या आणि 1994 साली उंदराच्या हृदयावर प्रयोग करून.

प्रयोग नाजूक होता. धडधडणाऱ्या ऊतीतल्या एकेका पेशीत काचेचं अतिसूक्ष्म टोक खुपसून ठेवायचं आणि व्होल्टेज मोजायचं. विश्रांतीतल्या स्नायूपेशीत ते उणे 80 ते 90 मिलिव्होल्ट असतं, फायब्रोब्लास्टमध्ये उणे वीसच्या आसपास. ही पेशी स्वतः ठोका निर्माण करत नाही. पण शेजारचे स्नायू आकसले की तिचं व्होल्टेज शून्याकडे सरकायचं. ऊती ताणली की उलट जास्त उणे व्हायचं. 2003 साली सुट्या पेशींवरही हेच दिसलं: दाबल्यावर धन आयनांच्या वाटा उघडतात, ताणल्यावर मिटतात.

या पेशी स्नायूंशी विजेने जोडलेल्या असतील, तर ताणाचा निरोप ठोक्यापर्यंत पोचू शकतो. जखमी हृदयात अशी जोडणी असते, हे 2016 साली अलेक्झांडर क्विन आणि कोल यांच्या चमूने उंदरांत दाखवलं: व्रणाच्या कडेला स्नायूंची वीज या पेशींतही उतरत होती. माणसाच्या फुगलेल्या कप्प्यात यातला वाटा किती, हा वाद चालू आहे. तिथे फायब्रोब्लास्ट तंतूही विणत राहतात आणि विजेची वाट अडवतात, हे मात्र पक्कं.

फुग्याने झडप रुंद करता येते. जपानच्या कांजी इनोऊए यांनी ती रीत 1984 साली जगापुढे मांडली. पण वर्षानुवर्षं ताणून जून झालेला कप्पा त्याने पुन्हा कोवळा होत नाही. म्हणून सुरुवात घशापासूनच करायला हवी. घसा दुखून गेल्यावर पोराचे सांधे सुजले, तर डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं असेल, तर गुडघा बरा झाला, वेचणीची घाई आहे, एसटी चुकली, अशा कोणत्याही सबबीवर ते चुकवू नका. ते गुडघ्यासाठी नसतंच.