फाइव्ह स्टार ड्युटी, तीही फुकटात!

नागपूरकर, फाइव्ह स्टार म्हटलं की हॉटेलच आठवतं ना? लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर एका ओळीत पाच स्टार टाका, * * * * *, आणि पुढे कमांड लिहा. झालं! ते काम दर मिनिटाला, दिवसाला १,४४० वेळा. ना सुट्टी, ना ओव्हरटाइम!

मिनिट, तास, तारीख, महिना, वार असा या स्टारांचा क्रम. त्यांच्यावर नजर ठेवणारा पडद्यामागचा पठ्ठ्या म्हणजे क्रॉन. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो ड्युटीवर होता.

माहीत आहे का? मिहानमधल्या इंजिनिअरनं ‘रात्री १२’ लिहिलं, पण सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असला, तर काम होतं आपल्या पहाटे साडेपाचला! खुद्द युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजतं. तेव्हा सीताबर्डीवर पहाटेचे साडेपाचच वाजले होते. जुन्या ३२-बिट मशिनींची मोजणी संपणार १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८:४४:०७ ला. ऐन तर्री-पोह्याच्या टायमाला! पुढच्याच सेकंदाला त्या थेट १९०१ सालात. आता बोला, भाऊ!

क्रॉनटॅब -ई लिहिलं की कामांची यादी उघडते. क्रॉनटॅब -आर लिहिलं की अख्खी यादी साफ, तीही न विचारता. आणि कीबोर्डवर ही दोन बटणं? शेजारी शेजारी. हे डिझाइन आहे की सूड, देव जाणे.

रविवार ० सुद्धा आणि ७ सुद्धा. सुट्टीचा वार दोनदा, पण सुट्टी एकच!

‘१३ तारीख’ आणि ‘शुक्रवार’ दोन्ही भरलं तर? फक्त १३ तारखेच्या शुक्रवारी नाही. प्रत्येक १३ तारखेला आणि शिवाय प्रत्येक शुक्रवारी.

मे महिन्यात लाईन गेली अन् मशीन बंद पडलं, तर साधा क्रॉन हुकलेलं काम विसरतो. ॲनाक्रॉन मात्र उधारी लक्षात ठेवतो.

सर्व्हिस बंद पडली तर? २०१० मध्ये आलेल्या, लिनक्सच्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला आधी सांगून ठेवलं असेल, तर तो तिला आपणहून पुन्हा उठवतो. प्रोसेस नंबर १ आहे तो, रुबाब असणारच.

एकदाच करायच्या कामासाठी ‘ॲट’ कमांड. तिला वेळ म्हणून चक्क ‘टीटाइम’ सांगता येतं. म्हणजे दुपारी ४!

आणि ३० फेब्रुवारी? क्रॉन तीही तारीख मुकाट लिहून घेतो. काम कधीच होत नाही, एरर कधीच येत नाही. आपल्या इन्क्रिमेंटची फाइल कुठे लावलीय, ते आता कळलं!