‘जॉब’ कोणता, क्लिक कोणाचा?

भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात ‘जॉब’ म्हणजे यंत्रावर चढवलेला सुटा भाग. फाटकाबाहेर मात्र ‘जॉब’ म्हणजे नोकरी. बोलण्यात हा फरक सहज कळतो; गुगलवर प्रथमच जाहिरात देणाऱ्या लघुउद्योजकाच्या खिशाला मात्र तो चाट लावू शकतो. सीएनसीवरील जॉब वर्कसाठी दिलेली जाहिरात ‘चाकण एमआयडीसी जॉब’ असे शोधणाऱ्या तरुणापुढे झळकते. तो आशेने क्लिक करतो आणि त्या क्लिकचे पैसे उद्योजकाच्या खात्यातून वजा होतात. काम मात्र दोघांनाही मिळत नाही.

पिंपरी-चिंचवड परिसरात मोठ्या वाहन कंपन्यांच्या आधाराने हजारो लहान कारखाने उभे राहिले. त्यांपैकी अनेकांची भिस्त एक-दोन ग्राहकांवरच असते. २०१९ मधील वाहनउद्योगाची मंदी आणि पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी यांनी या परावलंबनाचा धोका उघड केला. नवा ग्राहक मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे शोध-जाहिरात. परंतु तिचा खर्च तुटपुंज्या नफ्यातून होत असल्याने सुरुवातीच्या चुका महागात पडतात.

गुगलने ही जाहिरातसेवा २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ या नावाने सुरू केली. २०१८ पासून ती ‘गुगल अ‍ॅड्स’ म्हणून ओळखली जाते. एखाद्याने शोध घेतला की त्या क्षणी जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो. त्यात बोलीच्या रकमेबरोबरच जाहिरात आणि तिच्यावरून उघडणारे पान शोधाशी किती सुसंगत आहे, हेही पाहिले जाते. म्हणजे केवळ मोठी बोली लावून वरचे स्थान हमखास मिळते, हा समज चुकीचा आहे.

पहिली चूक शब्दांच्या निवडीत होते. शब्द कोणत्याही चिन्हाशिवाय नोंदवला, तर यंत्रणा त्याचा व्यापक अर्थ घेते आणि जवळपासच्या अनेक शोधांना जाहिरात दाखवते. शब्द अवतरणचिन्हांत किंवा चौकोनी कंसात दिल्यास ही व्याप्ती कमी होते. याशिवाय कोणत्या शोधांना जाहिरात दिसू नये, अशा वर्ज्य शब्दांची यादीही देता येते. ‘नोकरी’, ‘पगार’, ‘व्हेकन्सी’, ‘आयटीआय’, ‘सेकंडहँड’ हे शब्द तिच्यात हवेत. तेही मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, कारण यंत्रणा वर्ज्य शब्दांचे समानार्थी शब्द आपण होऊन टाळत नाही. मात्र घाईने ‘जॉब’ हा शब्दच वर्ज्य केला, तर ‘सीएनसी जॉब वर्क’ शोधणारा खरा ग्राहकही दुरावतो. म्हणून लोकांनी प्रत्यक्षात काय शोधले, याचा खात्यात मिळणारा अहवाल आठवड्यातून एकदा तरी वाचावा.

दुसरी चूक ठिकाणाबाबत होते. ‘चाकण’ निवडले की जाहिरात चाकणमध्येच दिसेल, असे वाटते. प्रत्यक्षात, मूळ पर्याय न बदलल्यास, चाकणविषयी उत्सुकता दाखवणाऱ्या दूरच्या व्यक्तींनाही ती दिसते. त्यांत नोकरीच्या शोधातील उमेदवारही असतात. त्यामुळे त्या भागात प्रत्यक्ष असणाऱ्यांपुरता पर्याय निवडावा आणि परगावचे ग्राहक हवे असतील, तर ती गावे स्वतंत्रपणे जोडावीत.

जाहिरातीवरून थेट संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडणे ही तिसरी चूक. खरेदी विभागातील अधिकाऱ्याला कंपनीच्या स्थापनेचा इतिहास नको असतो. यंत्राची क्षमता, कामाची अचूकता, कोणत्या धातूंवर काम होते, ड्रॉइंग कोठे पाठवायचे आणि दूरध्वनी क्रमांक, एवढे त्याला त्वरित दिसले पाहिजे. तो दूरध्वनी उचलणारेही कोणी हवे. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते, पण बाहेरगावचे ग्राहक त्या दिवशी कामावर असतात. गुरुवारी उत्तर देणारे कोणी नसेल, तर त्या दिवसापुरती जाहिरात थांबवण्याची सोय आहे.

चौथी चूक हिशेबाची. रोजचा खर्च ५०० रुपये ठरवला, तरी एखाद्या दिवशी तो दुपटीपर्यंत जाऊ शकतो. महिन्याची मर्यादा मात्र साधारण १५,२०० रुपयांची राहते. त्यावर जीएसटी वेगळा. समजा, क्लिक २५ रुपयांना पडला, तर ५०० रुपयांत २० क्लिक येतात. त्यांपैकी १२ नोकरी शोधणाऱ्यांचे असतील, तर उपयोगाच्या ८ क्लिकची खरी किंमत प्रत्येकी ६२ रुपये ५० पैसे होते. म्हणून क्लिक मोजून थांबू नये. किती दूरध्वनी आले, किती कोटेशन गेली आणि किती ऑर्डर मिळाल्या, याची नोंद ठेवावी. महिन्याच्या १५ हजारांतून ३ ऑर्डर आल्या, तर प्रत्येकीवर ५ हजार रुपये खर्च झाले. त्या ऑर्डरचा नफा याहून अधिक आहे का, हे तपासल्याशिवाय, खात्यात ‘बजेट वाढवा’ अशी सूचना कितीही वेळा झळकली, तरी ती मान्य करू नये.