बासष्टाव्या वर्षी सात अंडी

बंगळूरच्या जे. पी. नगराच्या कडेने जाणारा बन्नेरघट्टा रस्ता दक्षिणेस थेट प्राणिउद्यानापाशी पोहोचतो. तेथे काचेपलीकडचा साप पाहून आपण घरी परततो. पण वाचकहो, ही काचपेटी आता हौसेने घरातही येऊ लागली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये याच शहराच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात ५५ ‘बॉल पायथन’ सापडले. भ्याला की चेंडूसारखे वेटोळे करून त्यात डोके लपविणारा हा आफ्रिकेतील लहानसा अजगर होय.

तो अल्पायुषी नव्हे, हे घेणाऱ्यास क्वचितच ठाऊक असते. अमेरिकेतील सेंट लुई प्राणिसंग्रहालयास १९६१ साली मिळालेल्या अशाच एका मादीने २३ जुलै २०२० रोजी सात अंडी घातली. तेव्हा तिचे वय निदान ६२ वर्षांचे असावे. आणि नराचा सहवास तिला किमान पंधरा वर्षे नव्हता! काही साप नराचे बीज दीर्घकाळ शरीरात साठवितात, तर काहींत नरावाचूनही गर्भ धरतो. त्या सातांपैकी दोन अंडी तपासणीस दिली गेली, दोन टिकली नाहीत आणि तीन उबवणयंत्रात राहिली.

यावरून ‘आपली मादी थकली तरी वीण घेता येईल’ असे कोणी मानू नये. अंड्यांसाठी लागणारी चरबी व चुना ती आपल्याच देहातून पुरविते. पुढे सुमारे दोन महिने अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि बहुधा काही खात नाही. वृद्ध मादीचे अंडे आत अडले तर जिवावर बेतते. म्हणून वयाचे वर्ष मोजण्यापेक्षा तिचे वजन पाहावे, पशुवैद्यास दाखवावे; गेल्या विणीची झीज भरली नसेल तर नर दूरच ठेवावा.

आपल्याकडील धामण, नाग वा अजगर घरी पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने निषिद्धच आहे. परदेशी सापाचीही, आणि त्याच्या पिलांचीही, सरकारदरबारी नोंद करावी लागते. २०२४ साली त्याचे नियम निघाले. पिले कोणास देणार, हा प्रश्न मात्र नोंदवहीत सुटत नाही.

अंडी उचलल्यावरही त्यांचा वास अंगाला असेतो पुष्कळ माद्या भक्ष्याकडे पाहत नाहीत. म्हणून जाणकार मादीस कोमट पाण्याने हलकेच धुतात, पेटीतले अस्तर बदलतात, आणि मगच उंदीर पुढे ठेवतात.