बर्फात चाल कुणाची धरायची?

बर्फात साध्या बुटांनी पाऊल टाकलं की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. तेच पायाला सुपाएवढी रुंद चौकट बांधली की वजन पसरतं आणि माणूस वरच्या वर चालतो. असे 'स्नो-शू' घालून गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं डोंगरातल्या हटवर राहायला गेलो. आम्ही डेन्व्हरला राहतो. अ‍ॅस्पेन गावाच्या वरच्या अंगाला, १०,३६० फुटांवर मॅकनमारा हट आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंची! गाडी खाली ठेवायची, मग नऊ किलोमीटर चाल आणि दोन हजार फूट चढ.

मैत्रिणींनो, बाजारात असो की देवळात, आमचे हे कायम चार पावलं पुढे. बर्फात मात्र पुढच्याला वाट तुडवावी लागते, दमछाक त्याचीच जास्त. म्हणून आळीपाळीनं पुढे व्हायचं. आणि चाल धरायची ती हळू चालणाऱ्याची. भरभर चाललं की घाम येतो, कपडे ओले होतात आणि थांबल्यावर तीच ओल हाडं गोठवते. सुती कपडा तर अंगाला लावायचाच नाही, तो वाळत नाही. निघण्याआधी हिमकडे कोसळण्याचा सरकारी अंदाज पाहिला आणि घरीच ठरवलं, दोनपर्यंत हट दिसली नाही तर मागे फिरायचं. दोघांपैकी एकानं 'पुरे' म्हटलं तरी दुसऱ्यानं वाद घालायचा नाही.

दुपारी ढग दाटून आले. ह्यांना घाई झाली. मी म्हटलं, "अहो, माझ्याच चालीनं जायचं." हे थांबले. पावणेदोनला झाडांतून छप्पर दिसलं!

हटमध्ये नळ नाही. लाकडाच्या शेगडीवर मोठ्या भांड्यात बर्फ वितळवायचा. तळाशी आधी थोडं पाणी घालावं लागतं, नाहीतर भांडं करपतं. भांडंभर भुसभुशीत बर्फाचं पाणी होतं जेमतेम दोन-तीन वाट्या. एवढ्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ काही लवकर शिजत नाही. म्हणून मी भाजणी आणि मेतकूट नेलं होतं. इथे पाहुणा कुणीच नसतो. मी पीठ मळलं, ह्यांनी लाकडं फोडली, अनोळखी सोबत्यांनी भांडी घासली.

या हटची गोष्टही एका जोडप्याचीच. रॉबर्ट मॅकनमारा व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री. त्यांची पत्नी मार्गारेट पूर्वी शिक्षिका होती. गरीब मुलांच्या हाती स्वतःचं पुस्तक असावं म्हणून तिनं १९६६ मध्ये 'रीडिंग इज फंडामेंटल' ही संस्था काढली. १९८१ मध्ये ती गेली. तिच्या आठवणीसाठी पतीनं आणि मित्रांनी पैसे दिले आणि १९८२ मध्ये पहिल्या दोन हट उभ्या राहिल्या. मॅकनमारा हट, आणि तिच्या लाडक्या नावाची मार्गीज हट. कल्पना होती वास्तुविशारद फ्रिट्झ बेनेडिक्ट यांची. दुसऱ्या महायुद्धातल्या, बर्फात लढणाऱ्या टेन्थ माउंटन डिव्हिजनचे ते सैनिक. आज या साखळीत तीसहून जास्त हट आहेत.

दुसऱ्या दिवशी मार्गीज हटला जायचं होतं. आणखी तेरा किलोमीटर, उंची ११,३०० फूट. रात्रभर बर्फ पडला, सकाळी वारा सुटला. मी म्हटलं, "पुरे." ह्यांनी एक अक्षर न बोलता पुढच्या वाटेचा नकाशा घडी करून ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात माझा 'नको' असा, कारण न विचारता, ऐकला गेलेला मला तरी आठवत नाही.

मग राख काढली, जमीन झाडली, पुढच्यांसाठी शेगडीजवळ लाकडं रचली आणि उतरायला लागलो. मार्गीचं घर बघायचं राहिलंय. पुढच्या हिवाळ्यात जाऊ, अर्थात माझ्या चालीनं!