दुव्यावरील शब्दांचे सामर्थ्य

आंतरजालावर एका पृष्ठावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या दुव्यावर काही शब्द असतात. शोधयंत्र ते शब्द दुसऱ्या पृष्ठाचे वर्णन म्हणून जमेस धरते व त्याचा क्रम ठरविताना त्यांचाही विचार करते. सर्जी ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ साली गूगलची रचना वर्णिताना ही पद्धत विशद केली. तिच्या योगाने शब्दरहित चित्रेही शोधता येतात.

परंतु या पद्धतीचा दुरुपयोगही संभवतो. २००३ साली अनेकांनी ‘दारुण अपयश’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे दुवे अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या चरित्रपृष्ठाकडे वळविले. ते शब्द त्या पृष्ठावर नसूनही ते शोधात अग्रस्थानी आले. २००७ साली गूगलने यावर उपाय योजला. तथापि, पृष्ठाचा क्रम इतरांच्या शब्दांवरही अवलंबून असतो. मजकुराची सत्यता वाचकानेच पारखून घ्यावी.