मुलूखमैदान: परंड्याहून गेलेली तोफ

फर्ड्या वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. खरी मुलूखमैदान विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ती मुळात विजापूरची नव्हे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ती ओतली गेली अहमदनगरात, आणि आदिलशाहीच्या हाती लागण्यापूर्वी ती होती परंड्याच्या भुईकोटात.

परंडा धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सीना नदीच्या खोऱ्यात आहे. इथला किल्ला बहमनी वजीर महमूद गावानने बांधला असं मानतात. १४८१ साली गावान मारला गेला, पुढे बहमनी राज्य फुटलं आणि परंडा निजामशाहीकडे आला. आजूबाजूला ना डोंगर, ना कडा. त्यामुळे सगळी भिस्त बांधकामावर: भोवती खंदक, आत एकामागे एक दोन तट आणि तटातून पुढे आलेले गोल बुरूज. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला पुढे केलं ते परंड्यातूनच. पुढे शहाजहानच्या फौजांनी या किल्ल्याला दोनदा वेढा घातला. १६३०-३१ मध्ये आझमखान आला आणि दाणावैरण संपल्यावर परतला. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान आले. तेव्हा टंचाईच्या जोडीला सरदारांची आपसातली भांडणंही होती. तोही वेढा उठला.

अशा किल्ल्यातल्या तोफांकडे पाहायचं कसं? जुनी हत्यारं जमवणाऱ्यांचा एक पक्का नियम आहे: विकणारा काय सांगतो ते नंतर ऐकावं, आधी लोखंडावर काय लिहिलंय ते वाचावं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकाच्या खांद्यावर असलेली ‘काराबिनर ९८के’ ही माउझर रायफल घ्या. १९३५ साली ती सैन्यात आली. नळी जिथे मागे बसते त्या पोलादी कडीवर कारखान्याचं सांकेतिक नाव आणि सालाचे आकडे ठोकलेले असतात. ‘बीवायएफ’ अशी अक्षरं दिसली की ती ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातली. सुट्या भागांवर तपासनिसाचे गरुडछाप शिक्के आणि अनुक्रमांक असतात. सगळे क्रमांक जुळले तर रायफल बहुधा कारखान्यातून निघाली तशीच राहिली आहे, न जुळले तर बहुधा मध्ये कुणीतरी ती उघडून पुन्हा जोडली आहे. युद्धानंतर मालक बदलले, तेही अंगावर उमटलं. युगोस्लाव्हियाने दुरुस्त केलेल्या रायफलींवर आपलं राष्ट्रचिन्ह ठोकलं. इस्राएलने याच रायफली घेऊन पुढे त्यांच्या नळ्या बदलल्या. जिच्यावर जर्मन गरुड आणि दावीदचा तारा असे दोन्ही शिक्के आहेत, अशी रायफल पाहिली की तिच्याबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

आपल्याकडे असा संग्रह घरी करणं सोपं नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. जुनं हत्यार जवळून समजून घ्यायचं तर आपल्याला किल्ल्यावर किंवा संग्रहालयातच जावं लागतं. पण वाचायची रीत तीच, आणि मुलूखमैदान त्या रीतीला छान दाद देते.

तिच्यावरचा लेख सांगतो की ती महंमद बिन हुसेन रूमी याने हिजरी ९५६मध्ये, म्हणजे १५४९ साली घडवली. दुसऱ्या मजकुरात निजामशहाचं नाव आहे आणि तो स्वतःला पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. हा पहिला बुऱ्हाण निजामशहा. ही भाषा शिया भक्ताची. त्याने हा पंथ स्वीकारला तो शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाखाली, आणि हा शाह ताहिर अहमदनगरला जाण्यापूर्वी परंड्यात किल्लेदार ख्वाजा जहानच्या आश्रयाला होता. म्हणजे तोफ परंड्यात येण्याच्या कितीतरी आधी तिच्यावरच्या एका ओळीचं बीज परंड्यात पडलं होतं. तिसरा लेख औरंगजेबाचा, विजापूर घेतल्यानंतरचा. रायफलीवर नव्या मालकाचा शिक्का बसतो, तसाच हा.

आता धातू. तोफेची लांबी सुमारे १४ फूट, तोंडाशी बाहेरचा व्यास पाच फुटांच्या जवळपास, आतला सव्वादोन फुटांहून थोडा जास्त. वजन सुमारे ५५ टन सांगतात. ओतीव धातूचा हिशेब मांडून पाहिला तर आकडा साधारण तिथेच येतो. तोंडावर जबडा वासलेलं सिंहासारखं श्वापद आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातोय. धातूच्या पृथक्करणात सुमारे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील निघालं. तोफांच्या नेहमीच्या काशात कथील दहा टक्क्यांच्या आसपास असतं. वीस टक्के कथील हे घंटेचं प्रमाण. त्यामुळे ही तोफ ठोकली की घणघणते. पण कथील वाढलं की धातू कडक होतो तसा ठिसूळही होतो. रूमीने ही कसर भिंतीच्या जाडीत भरून काढली: नळीभोवती सव्वा फुटाच्या आसपास धातू आहे.

आणखी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माउझरची नळी ६०० मिलिमीटर लांब आणि तिचा आतला व्यास ७.९२ मिलिमीटर, म्हणजे लांबी व्यासाच्या जवळजवळ ७६ पट. मुलूखमैदानची लांबी तिच्या तोंडाच्या जेमतेम सहापट. लांब अरुंद नळी गोळीला वेग देते. आखूड रुंद नळीला वेगाशी कर्तव्य नसतं. तिला जड गोळा जवळून फेकायचा असतो. या नळीत बसेल असा दगडी गोळा पाचशे किलोंचा होतो, लोखंडी केला तर तेराशे किलोंच्या घरात जातो. दगड हलका, त्याला दारू कमी लागते आणि नळीवर ताणही कमी येतो. मोठ्या तोफांना दगडी गोळे घालत त्यामागे हा व्यवहार होता.

हा ५५ टनांचा ऐवज १६३२ साली परंड्याहून हलवला तो विजापूरचा कारभारी मुरार जगदेव याने. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली म्हणतात. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर सुमारे १६० किलोमीटर, आणि वाटेत भीमा. याच मुरारने पुढच्या वर्षी भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, शहाजीराजांच्या युक्तीने, हत्ती नावेत चढवून त्याची तुला केली आणि त्या गावाचं तुळापूर झालं असं सांगतात. जड वस्तू आणि पाणी यांचा मेळ घालणं या माणसाला जमत असावं. तरी कडकबिजली नावाची दुसरी मोठी तोफ नदीत गेली ती गेलीच, अशी आठवण विजापुरात आहे. शेरझा बुरुजावरचा शिलालेख १६७१चा आहे. म्हणजे मुलूखमैदान आली तेव्हा तिचा आजचा बुरूज उभाच नव्हता.

तालिकोटच्या लढाईत, १५६५ साली, हिच्यात तांब्याची नाणी भरून डागली असंही सांगतात. धातूला विचारलं तर उत्तर दोन तोंडांचं येतं. आखूड रुंद नळी अशा फवाऱ्याला अगदी योग्य आहे. पण जिला हलवायला चारशे बैल लागतात, ती उघड्या मैदानात कितपत वापरली गेली असेल, याचा विचार करावा. इंग्रजी अमलात १८५४ साली विजापुरातलं भंगार लिलावात काढायचा हुकूम सुटला आणि त्यात ही तोफही आली. बोली १५० रुपयांवर थांबली. स्थानिक अधिकाऱ्याला ही किंमत फारच कमी वाटली, त्याने वर लिहिलं आणि विक्री रद्द झाली. भाव चांगला आला असता तर आज ती कुणाच्या तरी भांड्यांत असती.

परंड्यात आजही तोफा आहेत, ओतीव आणि बांगडी दोन्ही जातींच्या. बांगडी तोफ म्हणजे लोखंडी पट्ट्या लांबीत जुळवून त्यांवर तापवलेली कडी चढवायची. कडं निवलं की आवळतं आणि पट्ट्या घट्ट धरून ठेवतं. किल्ल्यात दगडी आणि लोखंडी गोळ्यांचा साठाही आहे. इथे मोजपट्टी घेऊन गेलं पाहिजे. गोळ्याचा व्यास आणि तोफेचं तोंड मोजलं, आणि गोळा थोडासा लहान निघाला, की कुणाचा जोडीदार कोण ते कळतं.

विजापूरच्या संग्रहालयातल्या किंवा कुठल्याही काचेमागच्या बंदुकीला ही सोय नाही. शस्त्राचं अर्धं म्हणणं त्याच्या अंगावर असतं आणि उरलेलं अर्धं ते जिथे उभं होतं तिथे. दख्खनच्या भुईकोटांत मोठी तोफ बहुधा चाकांवर नसायची. बुरुजाच्या मध्यभागी लोखंडी दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचा खुंट, पक्कं रोवायचं, तोफ तिच्या बाजूच्या दांड्यांवर त्यात बसवायची आणि ती गोल फिरवायची. मागे जाड भिंत असे, बार उडाल्यावर बसणारा धक्का तिने पेलायचा.  गेल्या काही वर्षांत किल्ल्याकिल्ल्यांवर दुर्गप्रेमी मंडळींनी मातीत पडलेल्या तोफा उचलून सागवानी गाड्यांवर चढवल्या. हेतू चांगला, कष्टही मोठे. पण गाडा करण्यापूर्वी त्या बुरुजाच्या मधोमध दुबेळक्याचा खड्डा आहे का, मागे धक्क्याची भिंत आहे का, एवढं पाहायला हवं. असेल तर चाकं चढवून आपण त्या तोफेवर खोटा शिक्का मारतो. परंड्याच्या एकेका तोफेची लांबी, तोंड, लेख आणि नेमकी जागा यांची नोंद झाली, तर पुढच्या अभ्यासकाला ऐकीव गोष्टींवर अवलंबून राहावं लागणार नाही. आणि या कामाला गाड्याइतका खर्चही येत नाही.